गेमिंग लॅपटॉपची व्हिडिओ मेमरी : किती जीबी पुरे?

गेमिंग लॅपटॉप घेताना प्रोसेसर, रॅम आणि साठवण यांची चौकशी ग्राहक बहुधा नीट करतात. परंतु ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढील ४, ६ किंवा ८ जीबी या आकड्यापाशी आल्यावर ‘जास्त तेवढे चांगले’ याच्या पलीकडचे उत्तर दुकानातही सहसा मिळत नाही. सहा जीबी पुरतील का, रॅम वाढवून ही उणीव भरून निघेल का, एकाच नावाच्या कार्डाची मेमरी दोन ठिकाणी वेगळी का दिसते, हे प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारले जातात. डेस्कटॉप संगणकात निवड चुकली तर कार्ड काढून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ती सोय नसल्यामुळे खरेदीच्या दिवशी घेतलेला निर्णय चार-पाच वर्षे निभवावा लागतो, आणि म्हणून तो पैसे देण्यापूर्वीच समजून घ्यावा.

व्हिडिओ मेमरीत काय साठते

व्हिडिओ मेमरी, म्हणजेच व्हीरॅम, ही ग्राफिक्स प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवलेली, केवळ त्याच्याच वापरासाठी राखलेली वेगवान मेमरी होय. खेळातील दृश्य रंगवण्यासाठी लागणारी सामग्री तिच्यात असते: भिंती, कापड, चेहरे अशा पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे (यांना टेक्स्चर म्हणतात), वस्तूंचे त्रिमितीय आराखडे, रंगवण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील अर्धवट फ्रेम, आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढण्याची पद्धत, चालू असल्यास त्यासाठी लागणारी दृश्याची सूची.

यांपैकी सर्वाधिक जागा सहसा टेक्स्चरच घेतात. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे एक टेक्स्चर प्रत्येक बिंदूला एक बाइट या प्रमाणात दाबून ठेवले, तरी त्याला १६ एमबी जागा लागते, आणि दूरवरून दिसणाऱ्या वस्तूंसाठी त्याच्याच लहान आवृत्त्या सोबत ठेवाव्या लागत असल्यामुळे हा आकडा २१ एमबीच्या पुढे जातो. एका दृश्यात अशी शेकडो टेक्स्चर असू शकतात. उलट, त्याच टेक्स्चरची लांबी आणि रुंदी निम्मी केली की जागा एक-चतुर्थांश होते. खेळाच्या सेटिंगमध्ये टेक्स्चरची पातळी एका पायरीने उतरवल्याबरोबर मेमरीवरचा ताण झपाट्याने कमी होतो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

पडद्याच्या बिंदूसंख्येचा परिणाम त्या मानाने कमी असतो, पण नगण्य नसतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात आणि आजच्या अनेक गेमिंग लॅपटॉपना असणाऱ्या २५६० गुणिले १६०० च्या पडद्यावर सुमारे ४१ लाख, म्हणजे जवळजवळ दुप्पट. प्रत्येक अर्धवट फ्रेमचा आकार त्याच प्रमाणात वाढतो.

आकडे ८ वरच का अडतात

ग्राफिक्स मेमरीची प्रत्येक चिप प्रोसेसरशी ३२ बिट रुंदीच्या मार्गाने जोडलेली असते, त्यामुळे १२८ बिट रुंदीच्या कार्डावर चार आणि १९२ बिटच्या कार्डावर सहा चिप बसतात. जीडीडीआर६ प्रकारात प्रत्यक्ष वापरात येणारी मोठी चिप २ जीबीची असल्यामुळे चारांची बेरीज ८ जीबी आणि सहांची १२ जीबी होते. मधला १० चा आकडा हवा असेल तर मार्गाची रुंदीच बदलावी लागते. जीडीडीआर७ या नव्या प्रकारात ३ जीबीची चिप आली असून, २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० च्या लॅपटॉप आवृत्तीला २५६ बिट रुंदीवर २४ जीबी मेमरी देता आली ती तिच्यामुळेच. या चिप मदरबोर्डवर कायमच्या डाग दिलेल्या असतात. ‘नंतर वाढवून देऊ’ असे कोणी सांगितल्यास तो रॅमविषयी बोलत आहे, किंवा चुकीचे बोलत आहे, असे समजावे.

रॅममधून उसनी घेतलेली मेमरी

विंडोज प्रणाली गरज पडल्यास संगणकाच्या रॅमचा साधारण निम्म्यापर्यंतचा भाग ग्राफिक्ससाठी वापरू देते, आणि काही जाहिरातींत या उसन्या मेमरीची बेरीज करून ‘एकूण ग्राफिक्स मेमरी १२ जीबी’ असा भरघोस आकडा दिलेला असतो, जेव्हा कार्डाची स्वतःची मेमरी केवळ ४ जीबी असते. ही बेरीज निरर्थक आहे, कारण दोन्ही मेमरींच्या वेगात फार मोठे अंतर आहे. १२८ बिट रुंदीची, १६ गिगाबिट वेगाची जीडीडीआर६ मेमरी सेकंदाला २५६ जीबी माहिती पुरवते. रॅममधून कार्डापर्यंत येणारी माहिती मात्र ज्या जोडमार्गाने येते, तो पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीचा आठ पदरी मार्ग असल्यास एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबीच वाहू शकतो.

रॅम १६ जीबी आणि तीही दोन पट्ट्यांत असणे गेमिंगसाठी आवश्यकच आहे, कारण व्हिडिओ मेमरी ओसंडली की सारा भार रॅमवर येतो आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप मग पूर्णपणे गुदमरतो. परंतु रॅम वाढवल्याने व्हिडिओ मेमरी वाढते हा समज सोडून द्यावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांना एकाच मेमरीतून वाटा देणारे एएमडीच्या रायझेन एआय मॅक्स मालिकेसारखे प्रोसेसर हा निराळा प्रकार आहे. त्यांची मेमरीच मुळात रुंद मार्गाची असते आणि साध्या रॅमचा हिशेब त्यांना लागू पडत नाही.

मेमरी अपुरी पडल्याची लक्षणे

मेमरी अपुरी पडली म्हणजे खेळ सरसकट मंदावतो असे नाही, आणि इथेच पुष्कळांचे निदान चुकते. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम दिसत असतानाही दृश्य मधूनच अर्धा सेकंद अडखळते, नव्या भागात शिरताना भिंतींवरची चित्रे धूसर राहून उशिरा स्पष्ट होतात, तासाभराच्या खेळानंतर अडखळणे वाढत जाते, किंवा खेळ अचानक बंद पडतो. म्हणून परीक्षणे वाचताना केवळ सरासरी फ्रेमसंख्या न पाहता सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा आकडाही पाहावा. सरासरी आणि हा आकडा यांत फार मोठी तफावत असेल, तर मेमरी कमी पडत असण्याची शंका घेण्यास जागा आहे.

उष्णतेमुळे येणारी मंदी वेगळी ओळखता येते. तिच्यात फ्रेमसंख्या एकदम कोसळून पुन्हा सावरत नाही, तर हळूहळू उतरून खालच्या पातळीवर स्थिर होते, आणि टेक्स्चर खाली आणल्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडे आधीच लॅपटॉप असल्यास नवा घेण्यापूर्वी ही तपासणी करून पाहावी: टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ विभागातील ग्राफिक्स कार्ड निवडावे, आणि खेळ चालू असताना ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ भरून ‘शेअर्ड’ मेमरीचा आकडा चढत आहे का, ते पाहावे. एवढे मात्र ध्यानात असावे की खेळाने राखून ठेवलेली मेमरी आणि प्रत्यक्ष वापरलेली मेमरी या एक नव्हेत. अनेक खेळ मोकळी जागा दिसली की ती अडवून ठेवतात, त्यामुळे ‘डेडिकेटेड’ आकडा भरलेला दिसला, पण अडखळणे नाही, तर चिंतेचे कारण नाही.

कोणी किती घ्यावी

२०२० च्या अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स या यंत्रांत प्रोसेसर व ग्राफिक्स यांना मिळून १६ जीबी सामायिक मेमरी आहे. मोठे खेळ आधी त्या यंत्रांसाठी आखले जात असल्यामुळे, जुन्या यंत्रांचा आधार सुटत गेला तसतशी संगणकावरची गरजही चढत गेली. मार्च २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ ने ८ जीबीच्या कार्डांना उच्च टेक्स्चरवर घाम फोडला. ती स्थिती नंतरच्या दुरुस्त्यांनी बरीच सुधारली, पण दिशा स्पष्ट झाली होती. डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ यांनी तर किमान गरज म्हणूनच ८ जीबीचे कार्ड नमूद केले. ही पार्श्वभूमी लक्षात घेता पुढील विभागणी उपयोगी पडावी.

- ४ जीबी : नव्या खरेदीत टाळावी. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘डोटा २’ किंवा २०१५ मध्ये संगणकावर आलेला ‘जीटीए ५’ एवढ्यावरच समाधान असेल, तरच हातातला जुना लॅपटॉप चालू ठेवण्यास हरकत नाही.
- ६ जीबी : आरटीएक्स ४०५० च्या लॅपटॉप आवृत्तीत एवढी मेमरी आहे. स्पर्धात्मक खेळ, काही वर्षांपूर्वीचे मोठे खेळ आणि १०८० बिंदूंच्या पडद्यावर मध्यम सेटिंग यांसाठी ती पुरते. नवे मोठे खेळ दर वर्षी खेळणार असाल, तर हा पर्याय फार लवकर जुना होईल.
- ८ जीबी : १०८० किंवा १२०० बिंदूंच्या पडद्यासाठी आजची व्यवहार्य किमान मर्यादा. टेक्स्चर ‘हाय’ वर ठेवता येतात. ‘अल्ट्रा’ आणि रे ट्रेसिंग एकाच वेळी हवे असा हट्ट धरता येत नाही.
- १२ जीबी : २५६० गुणिले १६०० चा पडदा त्याच्या मूळ बिंदूसंख्येत वापरणाऱ्यांसाठी, रे ट्रेसिंग आवडणाऱ्यांसाठी आणि लॅपटॉप पाच वर्षे बदलणार नाही असे ठरवलेल्यांसाठी योग्य पातळी.
- १६ जीबी व पुढे : ४के टीव्ही किंवा मॉनिटर जोडून खेळणारे, अथवा खेळाबरोबर ग्राफिक्सचे व्यावसायिक काम करणारे यांनीच हा खर्च करावा.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेताना लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या पालकांचा प्रश्न बहुधा ६ आणि ८ यांच्यामधला असतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा काळ धरला, तर त्यांनी ८ च्या खाली जाऊ नये. पैसे कमी पडत असतील तर रॅम किंवा साठवण सध्या कमी घ्यावी, कारण बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ती मागाहून वाढवता येते. एखाद्या मॉडेलची रॅमही डाग दिलेली नाही ना, एवढे त्याआधी पाहून घ्यावे.

नाव एक, मेमरी निराळी

या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज नावांमुळे होतो. डेस्कटॉपच्या कार्डाला आणि लॅपटॉपच्या कार्डाला कंपन्या जवळजवळ एकच नाव देतात, पण आतली चिप आणि मेमरी पुष्कळदा वेगळी असते. आरटीएक्स ३०६० डेस्कटॉपवर १२ जीबीसह आले, लॅपटॉपवर ६ जीबीसह. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपवर १२ जीबीचे आहे, लॅपटॉपवर ८ जीबीचे; ४०८० डेस्कटॉपवर १६, लॅपटॉपवर १२; ४०९० डेस्कटॉपवर २४, लॅपटॉपवर १६. डेस्कटॉप कार्डाचे परीक्षण पाहून लॅपटॉप घेणारा ग्राहक त्यामुळे न मागता एक पायरी खालची वस्तू घेऊन येतो.

लॅपटॉप-लॅपटॉपांतही फरक असतो. आरटीएक्स ३०५० ची लॅपटॉप आवृत्ती आधी १२८ बिट रुंदीवर ४ जीबीसह आली आणि नंतर ९६ बिट रुंदीवर ६ जीबीसह. आरटीएक्स ३०८० ची ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही स्वरूपांत मिळत असे. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

२०२५ च्या ५० मालिकेत आरटीएक्स ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्ही लॅपटॉप आवृत्त्या ८ जीबीसह जाहीर झाल्या, १२ जीबी ५०७० टीआयपासून आणि १६ जीबी ५०८० पासून सुरू झाली. याचा व्यवहारी अर्थ असा की ८ जीबीच्या ५०६० वरून ८ जीबीच्याच ५०७० वर जाण्यासाठी मोठी रक्कम मोजणे बहुतेकांसाठी शहाणपणाचे नाही, कारण वेग थोडा वाढतो पण अडखळण्याची मर्यादा तिथल्या तिथेच राहते. तेवढे पैसे असतील तर आणखी थोडे साठवून ५०७० टीआयकडे जावे, नाहीतर ५०६० वर समाधान मानावे. आधीच्या पिढीत ४०६० आणि ४०७० यांच्याबाबतही हाच निवाडा लागू होता.

मेमरीचा आकडा समान असूनही दोन लॅपटॉप सारखे चालतीलच असे नाही. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीला निर्माते ३५ ते ११५ वॅट यांदरम्यान कितीही वीज देऊ शकतात, त्यामुळे पातळ लॅपटॉपमधील हे कार्ड जाड लॅपटॉपमधील त्याच कार्डापेक्षा बरेच मागे पडते. ही वीजमर्यादा, म्हणजे टीजीपी, निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात शोधावी. दुकानातल्या पाटीवर ती क्वचितच असते.

८ जीबीत निभावून नेताना

- सर्वप्रथम टेक्स्चरची पातळी एका पायरीने उतरवावी, सावल्या आणि इतर सेटिंगना त्यानंतर हात लावावा. ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ टेक्स्चरमधला फरक पंधरा-सोळा इंची पडद्यावर शोधूनच काढावा लागतो.
- डीएलएसएस किंवा एफएसआर ही तंत्रे चित्र कमी बिंदूंत रंगवून मग मोठे करतात, त्यामुळे थोडी मेमरी वाचते. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमांमध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याचे तंत्र, मात्र स्वतःच मेमरी खाते. काठावर असताना ते चालू केल्यास खेळ अधिक अडखळू शकतो.
- रे ट्रेसिंग बंद करून पाहावे, आणि खेळताना ब्राउझर बंद ठेवावा.
- बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडदा थेट मुख्य ग्राफिक्स कार्डाला जोडणारी मक्स स्विच नावाची सोय असते. तिने वेग वाढतो, पण विंडोजच्या खिडक्याही मग त्याच मेमरीत जागा घेतात. मेमरी अगदीच काठावर असेल, तर दोन्ही स्थितींत खेळून पाहावे.

थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ द्वारे बाहेरचे ग्राफिक्स कार्ड जोडणे शक्य असले, तरी खोका, वीजपुरवठा आणि कार्ड यांचा एकत्रित खर्च पाहता तो मार्ग बहुतेकांना परवडणारा नाही.

खेळाखेरीज इतर कामे

ब्लेंडरमधील त्रिमितीय चित्रण आणि दाविंची रिझॉल्व्हमधील ४के संपादन यांना ८ जीबी किमान धरावी. भाषा-प्रारूपे स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहू इच्छिणाऱ्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी हिशेब सोपा आहे: सात-आठ अब्ज घटकांचे प्रारूप चार बिटांत दाबले की सुमारे ४ ते ५ जीबी घेते आणि ८ जीबीत बसते, चौदा अब्जांचे ८ जीबीच्या वर जाते आणि त्याला १२ जीबी लागते. खेळात सेटिंग उतरवून भागते. इथे प्रारूप मेमरीत न मावल्यास काम कित्येक पटींनी मंदावते.

पैसे देण्यापूर्वी आणि नंतर

लॅमिंग्टन रोडवरचे दुकान असो वा दसरा-दिवाळीतील ऑनलाइन विक्री, पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. लॅपटॉपच्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन निर्मात्याच्या तपशीलपत्रकात कार्डाची स्वतंत्र मेमरी आणि टीजीपी पाहावी. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-पाच उपप्रकार बाजारात असतात.
2. बिलावर तो पूर्ण क्रमांक, ग्राफिक्स कार्डाचे नाव आणि मेमरी लिहून घ्यावी. ऑनलाइन खरेदीत वस्तूच्या माहितीचे पान प्रतिमा म्हणून जतन करावे.
3. परदेशातून नातेवाइकांकडून लॅपटॉप मागवायचा असल्यास त्याची हमी भारतात चालते का, हे निर्मात्याकडून लेखी विचारून घ्यावे.
4. खोके उघडतानाचे चित्रण करावे आणि वस्तू परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधीच पाहावे.

जाहिरातीत सांगितल्यापेक्षा कमी मेमरी निघाली, तर ग्राहक हतबल नसतो. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, वस्तू जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्यास ऑनलाइन मंचावरील विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. तेवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, वकील नेमण्याची सक्ती नसते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. लॅपटॉप कंपनीच्या नावाने घेतला असल्यास खरेदी व्यापारी हेतूची होती असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून घरगुती वापराचे बिल स्वतःच्याच नावाने घ्यावे.

आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, परंतु वस्तू परत करण्याची विक्रेत्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते. तेव्हा टास्क मॅनेजरमधील ‘डेडिकेटेड’ मेमरीचा आकडा खोके उघडल्या दिवशीच पाहावा आणि तो बिलाशी जुळत नसेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.